सिस्टर, रजा कमी करू नका

पत्र (थोडक्यात): "ताई, मी वसईची, ५२ वर्षांची, सिस्टर म्हणजे नन आहे. केनियाच्या उत्तरेला लोडवारजवळ मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करते. नऊ वर्षांनी तीन महिन्यांच्या रजेवर घरी येतेय. मे २०२१ मध्ये आई गेली तेव्हा येता आलं नाही. आता भावाने जुनं घर पाडून बिल्डिंग केलीय, मागचं बावखल, म्हणजे आमचं छोटं तळं, ते पण बुजवलंय. त्याचा व्हिडिओ बघितला आणि दोन रात्री झोप नाही. वर त्याने मिशन संडेला, म्हणजे ऑक्टोबरातल्या मिशनकार्याच्या रविवारी, माझं भाषण, सत्कार, बॅनर सगळं ठरवून टाकलंय. खरं सांगू, घरी यायचीच भीती वाटते. रजा एक महिन्यावर आणू का?"

प्रिय सिस्टर,

नको. एक महिन्यात काय होईल सांगते, पहिला आठवडा झोपेत आणि पाहुण्यांत जाईल, दुसरा सत्कारात, तिसरा बँक आणि पासपोर्टच्या कामांत, आणि चौथ्यात परत बॅग भरायला घ्याल, म्हणजे आईला न भेटताच परत जाल. हो, भेटताच म्हणतेय मी, कारण तुमची आई अजून तुमच्यासाठी गेलेलीच नाही. तेव्हा विमानं बंद होती, मार्च २०२० ला थांबलेली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२२ ला सुरू झाली, त्यामुळे तुम्ही ना माती दिली ना शेजारच्या बायकांबरोबर बसून रडलात. ते सगळं बाकी आहे आणि मला वाटतं भीती बिल्डिंगची नाहीये, याची आहे.

अॅडोनिराम जडसन म्हणून एक अमेरिकन मिशनरी होता, तो बाप्टिस्ट, तुम्ही कॅथलिक, पण घरी परतण्याचं दुखणं सारखंच. १८१२ ला ब्रह्मदेशाच्या वाटेला लागला तो ३३ वर्षांनी, १८४५ ला पहिल्यांदा मायदेशी आला. बायको आजारी म्हणूनच निघाला होता, ती वाटेत सेंट हेलेना बेटावर गेली, तिला तिथेच पुरून तो तीन मुलांना घेऊन पुढे निघाला. अमेरिकेत पोचल्यावर सभांवर सभा, आणि याचा घसा असा बसलेला की तो नुसता कुजबुजायचा आणि शेजारी उभा असलेला माणूस ते मोठ्याने लोकांना सांगायचा. लोकांना तिकडच्या गोष्टी ऐकायच्या होत्या, आणि याची बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते. हे वाचलं की मला प्रत्येक वेळी वाटतं, अरे त्याला जरा बसू द्यायचं होतं ना कुणीतरी.

त्याला निदान जहाजावर काही आठवडे मिळाले. तुमचं नैरोबीहून मुंबईचं विमान साधारण सहा तासांचं, म्हणजे रात्री तिकडे जेवलात तर सकाळी सहार विमानतळावर उतरून भावाच्या गाडीत. मन एवढ्यात पोचत नाही हो. म्हणून मधले दिवस तुम्हीच काढा. प्रोव्हिन्शियल सिस्टरशी, म्हणजे तुमच्या संघाच्या इथल्या प्रमुखांशी, बोला आणि पहिले पाच-सहा दिवस मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्येच राहू द्या म्हणा. झोपा, शांतपणे मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जा, कुणाला भेटू नका. मग वसईला जाल तेव्हा आधी घर नाही, आधी आईची कबर, सकाळी लवकर, एकट्या. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन तिथे असेलच, पण त्याच्या आधी एकदा तुमचं तुम्ही जाऊन या. तिथे कितीही वेळ लागू दे.

आता भावाचं. तुम्ही त्याच्यावर थोड्या रागावल्यात, ते पत्रात कळतं, बावखल हा शब्द तुम्ही दोनदा खोडून परत लिहिलाय. रास्त आहे. ज्या पाण्यावर लहानपणी आईचा हात धरून गेलात तिथे आता पार्किंग आहे म्हटल्यावर पोटात कालवतंच. पण सिस्टर, २०२१ च्या मे महिन्यात आईजवळ तो एकटा होता. दफनाला चार माणसं, नातेवाईक लांब, बहीण फोनवर. तुम्ही लिहिलंय की त्या दिवसांबद्दल तो तुमच्याशी कधीच बोलला नाही. मला तर वाटतं हे बॅनर-सत्कार म्हणजे त्याला जे बोलता येत नाही तेच आहे. त्याला आत्ताच फोन करा, घराचा विषय काढू नका, फक्त म्हणा, मी आल्यावर आईचे शेवटचे दिवस मला पहिल्यापासून सांग. आणि मग मधे न बोलता ऐका, त्याने चुका केल्या असतील तरी.

भाषणाला सरळ नाही म्हणा. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, फादरना तुम्ही स्वतः कळवा, भावाला मधे घालू नका. मिशन संडेला मिस्साला जा, मागे बसा. जानेवारीत मन झालं तर दवाखान्यातल्या बायका-पोरांबद्दल दहा मिनिटं बोला, नाही झालं तर नका बोलू.

यलो फिव्हरच्या लशीचं कार्ड हँडबॅगमध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, केनियाहून येणाऱ्यांना इथे ते विचारतात आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. ताप आला तर थकवा आहे म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरला आफ्रिकेतून आलेय हे पहिल्या वाक्यात सांगा. तुम्ही नर्स, मी काय सांगणार, पण नर्सच स्वतःकडे बघत नाहीत.

आणि तुम्ही लिहिलंत ना, तिथे कुणी प्रवासाहून आलं की लोक "पोले ना सफारी" म्हणतात, किती त्रास झाला असेल तुला प्रवासात, असं. ते भावाला शिकवून ठेवा. मुंबईच्या कॉन्व्हेंटवर घ्यायला त्याला एकट्यालाच बोलवा, पोरं नकोत, हार नकोत, आणि गाडीत बसल्यावर त्याने तेवढंच म्हणावं असं सांगा.

तुमची ताई