१४ जूनला शिबिर नको

प्रिय भावी अध्यक्ष,

अनेक आशीर्वाद. १ जुलैपासून रोटरॅक्ट क्लब, म्हणजे रोटरीचा तरुणांसाठीचा क्लब, तुझ्या हाती येणार. तू पाठवलेली वर्षभराच्या दिनविशेषांची यादी वाचली. हृदय दिन, हात धुण्याचा दिवस, पोलिओ दिन, एड्स दिन, जल दिन... रागावू नकोस, पण निम्म्या दिवसांपुढे बॅनर आणि ग्रुप फोटोपलीकडे काही दिसलं नाही. ते खोडून टाक. रक्तदान तेवढं नेटानं धर, आणि शिबिर मात्र १४ जूनला ठेवू नकोस.

१४ जून हा कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. रक्तगट त्यांनी शोधले. २००४ पासून या दिवशी जागतिक रक्तदाता दिन पाळतात. पण नेमक्या त्याच दिवशी सगळी कॉलेजं, सगळे क्लब आणि गल्लीतली मंडळंही शिबिर लावतात. त्यात आपलं वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून मावळत्या अध्यक्षालाही जाता जाता बाटल्यांचा आकडा वाढवायचा असतो. तो आकडा अहवालात शोभतो. रक्त मात्र साठवून साठवून किती साठवणार? तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. जूनमध्ये घेतलेल्या प्लेटलेट्स पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूच्या रुग्णाला कशा मिळतील?

आता मे महिना बघ. परीक्षा संपलेल्या, मुलं गावी गेलेली, कॉलेजं बंद, शिबिरं थंडावलेली. दिवाळीतही तेच. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याला सुट्टी नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीत जा आणि जनसंपर्क अधिकाऱ्यांना एवढंच विचार : तुम्हाला कधी कमी पडतं, कोणत्या गटाचं कमी पडतं, एका वेळी किती लोक झेपतील? एका दिवसात दोनशे बाटल्यांपेक्षा चार महिन्यांत विभागून आलेल्या पन्नास-पन्नास त्यांना सोयीच्या पडतील. दिनविशेषाचा हट्टच असेल तर ८ मे घे. तो थॅलेसेमिया दिन आहे आणि ऐन टंचाईत येतो.

मग १४ जूनला काय करायचं? फोन. तो दिवस मुळात रक्तदात्यांचे आभार मानण्यासाठीच आहे. जुन्या दात्यांना फोन करा आणि पुढची तारीख त्याच वेळी लिहून घ्या. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा देता येतं, बाईला १२० दिवसांनी. ही वही नीट राहिली तर तुझ्यानंतरच्या अध्यक्षालाही पुरेल.

दोन गोष्टी राहिल्या. भेटवस्तू नकोत. हेल्मेट किंवा मिक्सरसाठी आलेला माणूस आपला आजार लपवण्याची शक्यता जास्त. रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं, पण लागण अगदी ताजी असली तर ती तपासणीतही निसटू शकते. चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र एवढं बास.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. ते १२.५ च्या खाली असलं की माघारी पाठवतात आणि आपल्याकडे त्यात मुलीच जास्त असतात. मैत्रिणींसमोर ‘तुझं चालणार नाही’ ऐकून त्या हिरमुसतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी बाजूला एक टेबल ठेव आणि तिथे डॉक्टरला बसव. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्यावा, मोठ्यानं सांगू नये. रक्त कमी का झालं आणि पुढे काय करायचं, हे तिथंच समजावून सांगितलं तर त्या मुलीसाठी त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी काम तेच ठरेल. (टॅटूवाल्यांना वर्षभर थांबावं लागतं, हे पोस्टरवर आधीच छाप. रांगेत उभं राहिल्यावर कळलं की भांडणं होतात.)

मे महिन्यातली तारीख ठरली की कळव. नोंदणीच्या टेबलावर मी बसेन, माझं अक्षर अजून वाचता येतं.

तुझा,
काका