कलिंगडासारखे रिपोर्ट आणि सोडून जाणारी माणसं

प्रश्न: मुलगी 24 वर्षांची, कम्प्युटर इंजिनिअर. आम्ही कळव्याला राहतो, ती महापेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत 16 महिने आहे. पहिले आठ महिने आनंदात गेले. मग नवे डिलिव्हरी हेड, म्हणजे प्रकल्प वेळेत पूर्ण करून घेणारे प्रमुख, आले. तेव्हापासून टीममधल्या 12 पैकी 7 जण सोडून गेले, रोज रात्री साडेनऊला रिव्ह्यू कॉल असतो. पूर्वी ती मीटिंगमध्ये बोलायची, आता नुसतं ‘हो सर’ म्हणते. आपणच कमी पडतोय असं तिला वाटतं. पहिली नोकरी आहे, दोन वर्षं तरी पूर्ण कर, असं मी सांगतो. माझं चुकतंय का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. बोलकी मुलगी अशी सहज गप्प होत नाही. त्या ऑफिसात खरं बोलणं महाग पडायला लागलं आहे. हे कसं होतं ते आधी समजून घ्या, कारण राहायचं की सोडायचं हे त्यावरच ठरणार आहे.

प्रकल्पाचा आठवड्याचा रिपोर्ट लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांत वर जातो. लाल म्हणजे तारीख चुकणार. कोणी लाल दाखवल्यावर वरिष्ठाने ‘कुठे अडलंय, अजून कोण हवंय?’ असं विचारलं, तर माणसं पुढच्या वेळीही खरं सांगतात. त्याने चारचौघांत खरडपट्टी काढली, तर पुढच्या आठवड्यापासून सगळे रिपोर्ट हिरवे. आयटीत याला ‘वॉटरमेलन रिपोर्ट’ म्हणतात: बाहेरून हिरवा, आत लाल. टीम लीड मॅनेजरला थोडं गोड करून सांगतो, मॅनेजर त्याच्यावर आणखी साखर पेरतो. तारीख आठ दिवसांवर आली की कलिंगड फुटतं. मग शनिवार-रविवारचं काम, रात्रीचे कॉल, आणि खापर सगळ्यात खालच्या माणसावर. ज्यांना बाहेर मागणी आहे ते आधी निघतात. त्यांचं काम उरलेल्या पाच जणांवर पडतं, चुका वाढतात, आणि चुका वाढल्या म्हणून रिव्ह्यू वाढतात. साडेनऊचा कॉल तिथून आला आहे. त्यात तुमच्या मुलीचं काम कमी पडलं असं मानायला पत्रात काहीच आधार नाही.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाला खाती, कार्डं अशी आठ-आठ उत्पादनं विकण्याचा वरून धोशा होता. खालच्या लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये प्रकरण बाहेर आलं, तोवर बँकेने सुमारे 5,300 कर्मचारी काढले होते. प्रमुख जॉन स्टम्फ यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पद सोडावं लागलं, पण खालच्यांच्या नोकऱ्या आधीच गेल्या होत्या. म्हणून एक गोष्ट मुलीला आजच सांगा: न केलेल्या टेस्टिंगचा रिपोर्ट किंवा खोटी टाइमशीट स्वतःच्या नावाने भरायची नाही, कोणीही सांगितलं तरी.

आता तपासायचं हे की बिघाड एका माणसापुरता आहे की वरपर्यंत. गेल्या वर्षभरात कोण गेलं, कोणत्या टीममधून, किती दिवसांनी, याची यादी तिने एका कागदावर करावी. फक्त याच हेडच्या हाताखालचे गेले असतील, तर दुसऱ्या विभागात बदली मागण्यात अर्थ आहे. तीन-चार वेगळ्या विभागांतून माणसं गेली असतील, एचआर प्रमुखही बदलले असतील, आणि ओरडणाऱ्यालाच बढती मिळाली असेल, तर बिघाड मुळातच आहे. बदलीने फक्त खुर्ची बदलेल. कंपनी शेअर बाजारात असेल तर स्वतंत्र संचालक किंवा ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला का, हे शेअर बाजाराच्या वेबसाइटवर दिसतं. बाजारमूल्याने पहिल्या 1,000 कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर अहवालात (पर्यावरण, कर्मचारी आणि कारभाराची माहिती देणारा अहवाल) कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचं प्रमाण द्यावं लागतं, तेही वाचा. पीएफचं पासबुकही बघा: दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरली पाहिजे. तिथे उशीर दिसला तर थांबण्याचा विचारच नको.

तोपर्यंत तोंडी आदेश आला की दहा मिनिटांत दोन ओळींचा मेल: ‘सर, आत्ताच्या बोलण्यानुसार मॉड्यूल शुक्रवारी देते. पेमेंटचं टेस्टिंग त्यात होणार नाही, ते मंगळवारी.’ तक्रारीचा सूर नको, तारीख आणि काम एवढंच. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचं पत्र यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची फाइल मात्र स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही. त्यावरून उलट तिच्यावरच कारवाई होऊ शकते.

दोन वर्षांच्या आग्रहाबद्दल. 16 महिन्यांनी बायोडेटा खराब होत नाही. खराब होतं ते एका पाठोपाठ तीन नोकऱ्या सहा-सहा महिन्यांत सोडल्यावर. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड किती, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, हे आधी वाचा. नोटीस 90 दिवसांची असेल तर शोध आत्ता सुरू केला तरी बाहेर पडेपर्यंत तिची दोन वर्षं जवळपास भरतील. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा नको. अपवाद एकच: झोप उडाली, जेवण तुटलं, तर तब्येत आधी. अशा वेळी टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. निघताना रिलीव्हिंग लेटर, फॉर्म 16 आणि पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख, या तीन गोष्टींचा पाठपुरावा करायचाच.

ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट, कुठेही मुलाखतीला गेली तरी ‘का सोडताय?’ हा प्रश्न येणारच. ‘टीम 12 वरून 5 वर आली, शिकायला सिनियर उरले नाहीत’ एवढं पुरे, साहेबांवर एक शब्द नको. आणि तिने उलट दोन प्रश्न विचारावेत: ही जागा रिकामी का झाली? मागच्या वेळी तारीख चुकली तेव्हा काय केलंत? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा एखादा खरा प्रसंग सांगू लागला, तर ती कंपनी विचारात घ्या. ‘आमच्याकडे तारीख चुकतच नाही’ असं म्हणाला, तर तिथेही रिपोर्ट हिरवेच असतील.

तिला स्वतःहून तुम्हीच सांगा की दोन वर्षांची अट तुम्ही मागे घेतली आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं, ती तुमच्याकडून नेमकं हेच ऐकायला थांबली असावी.