लेकराच्या कमरेला पिस्तूल का नाही?

प्रश्न : फौजीभाऊ, माझा धाकटा अग्निवीर म्हणून बेळगावच्या मराठा सेंटरला ट्रेनिंगला आहे. फोनवर म्हणतो, सगळा भर रायफलवरच असतो. सिनेमात तर ज्याच्या-त्याच्या मांडीला पिस्तूल दिसतं. ऐन वेळी रायफल अडकली तर लेकरानं काय करायचं? आम्ही पैसे घालून एखादं घेऊन दिलं तर चालेल का? कोणतं चांगलं?
— एक आई, ता. केज, जि. बीड

उत्तर : ताई, पैशाचं आधी सांगतो. ते सोयाबीनच्या पेरणीला ठेवा. पलटणीत घरचं हत्यार चालत नाही. सरकार देईल ते, नंबर लिहून, कोतमधून म्हणजे हत्यारांच्या खोलीतून घ्यायचं आणि कोतमध्येच जमा करायचं. शिवाय फौजेचं ९ मिमी पिस्तूल साध्या माणसाला परवान्यावरही मिळत नाही. आमच्यातले बरेचजण पेन्शनीत आल्यावर बँकेच्या दारात उभे राहतात, तेही बारा बोअरची दुनळी घेऊन.

मी काही वर्षं कोत हवालदार होतो. एका संध्याकाळी मोजणीत एक पिस्तूल कमी भरलं. जेवण थांबलं, गाड्या थांबल्या, टॉर्च घेऊन सगळी कंपनी गवतात ओणवी. रात्री अकराला ते एका जिप्सीच्या सीटखाली सापडलं. होल्स्टरचं, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचं, बटन सैल होतं आणि पिस्तूल अंगाशी बांधायची दोरी लावलेलीच नव्हती. रायफल अशी हरवत नाही, ती खांद्याला टोचत असते. तेव्हापासून पिस्तूल म्हटलं की मला आधी ती दोरी आठवते.

आता कामाचं. इन्सास रायफल ४०० मीटरवर काम करते. पिस्तूल पहिल्यांदा हाती आलं तेव्हा २५ मीटरवरच्या टार्गेटला माझ्या निम्म्या गोळ्या मातीच्या बांधात गेल्या, आणि मी रायफलचा बरा नेमबाज होतो बरं का! हात बसायला गोळ्या जाळाव्या लागतात, वेळ जातो. तेवढा सराव प्रत्येक जवानाला द्यायचा तर रायफलच्या सरावातूनच कापावा लागेल. पिस्तूल, होल्स्टर आणि गोळ्यांचं जादा मॅगझिन मिळून दीड किलोच्या घरात जातं. चढावर मला त्या वजनाचं पाणी आणि रायफलच्या गोळ्या द्या. रायफल अडकली तर मॅगझिन काढायचं, कॉक करायचं, आत बघायचं, पुन्हा चालू करायचं. हे लेकराकडून डोळे झाकून होईपर्यंत घोटून घेतात. तोवर शेजारचा बडी, म्हणजे जोडीदार, फायर देतो.

मग पिस्तूल कुणाला? ज्याचे हात दुसऱ्या कामात अडकलेत त्याला. रणगाड्याच्या पोटात रायफल फिरवता येत नाही. मिलिटरी पोलीस, अधिकारी, आणि घरात शिरून खोली-खोली साफ करणारे कमांडो, यांना ते हवंच.

निवड जवान करत नाही, फौज करते. तरी मला विचाराल तर पहिलं बघायचं ते मूठ आणि सेफ्टीचा खटका. आमचं ईशापूरच्या फॅक्टरीतलं ब्राउनिंग घडणीचं पिस्तूल, १३ गोळ्यांचं, मजबूत. पण गोळी चेंबरमध्ये ठेवून ते तयार बाळगायचं तर घोडा ताणून सेफ्टी लावावी लागते, आणि थंडीत हातमोजा घातलेल्या अंगठ्याला तो बारका खटका सापडत नाही. ब्रिटिश फौजेनं २०१३ साली ब्राउनिंग सोडून ग्लॉक १७ घेतलं. १७ गोळ्या, वजनाला हलकं, वेगळा खटकाच नाही. सोपं खरं, पण बोट ट्रिगरबाहेर ठेवायची शिस्त नसेल तर स्वतःच्याच मांडीत गोळी. गोळी मात्र ९ मिमीचीच बरी. आमच्या वेळच्या कार्बाइनला, म्हणजे आखूड बंदुकीलाही, तीच चालायची, रसद एकच राहायची.

बेळगावचा पाऊस आपल्याकडच्यासारखा नाही, लोखंडाला रातोरात गंज धरतो. पुढच्या फोनला त्याला एवढंच विचारा, "पुल-थ्रू मारलास का रे?" म्हणजे नळीतून दोरी ओढून ती साफ केलीस का. आईला हा शब्द कुठून कळला म्हणून दोन मिनिटं गप्पच होईल.