कायदा शिकणाऱ्या मुलीला पत्र

चि. मुली,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, धर्म घरी ठेव आणि मग राजकारणावर बोल. आपल्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, विश्वासी माणसाने त्या घाणीत पडू नये. निवडणुकीत आपल्याला सांभाळून घेणारा कोण ते बघावं, मत द्यावं आणि घरी यावं. मला विचारशील तर दोघंही तुला एकच सांगताहेत, की तुझ्या श्रद्धेने चारचौघांत तोंड उघडू नये. मला ते मान्य नाही.

तू कायदा शिकतेस, म्हणून आधी ऑगस्टीनकडे जा. इ. स. 410 मध्ये रोम लुटलं गेलं आणि लोक म्हणू लागले की जुने देव सोडले म्हणून ही वेळ आली. त्या आरोपाला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावच्या या बिशपाने ‘देवाचं नगर’ हा 22 भागांचा ग्रंथ लिहिला. चौथ्या भागात तो विचारतो, न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत फरक काय उरतो? पुढे तो सिकंदराने पकडलेल्या एका समुद्री चाच्याची गोष्ट सांगतो. चाचा म्हणाला, मी एका लहान जहाजावरून लुटतो म्हणून दरोडेखोर ठरलो, तू मोठं आरमार घेऊन लुटतोस म्हणून सम्राट. तेव्हा रोमचे सम्राट ख्रिस्ती झालेले होते, हे विसरू नकोस. तरीही ऑगस्टीनने रोमला देवाचं राज्य म्हटलं नाही. राजा आपल्या धर्माचा आहे एवढ्यावरून राज्य न्यायाचं होत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आज कुठल्याही देशात कुणी क्रूस उंचावून मतं मागू लागला की मला हेच आठवतं.

पण तुला खरी ओळख करून घ्यायची आहे ती पंडिता रमाबाईंची. शाळेच्या पुस्तकातल्या समाजसुधारक रमाबाई तुला माहीत आहेत. त्यांची पत्रं वाच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच वाद सुरू झाले. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, प्रेमळ पण शिस्तीच्या. अमुक मत चर्चचं आहे म्हणून मान, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी कळवलं की मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं हवीत, यावर त्यांनी विचारलं की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक चांगलं असं काय आहे? आणि इथेच त्यांची खरी उंची दिसते. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून मी ती धरून आहे, असं त्यांनी लिहिलं. आपल्या संस्कृतीवर प्रेम करावं, तिची पूजा करू नये, हे मला त्यांच्याकडून समजलं. इंग्लंडातल्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा हिंदुस्थानातल्या बिशपांचा आग्रह झाला, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. 

इकडे येऊन 1889 मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदासदन ही शाळा काढली. मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. तिकडे परक्या, इकडे बाटग्या. अशी बाई सरकारच्या आश्रयाला गेली असती तर नवल नव्हतं. सरकार तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचंच होतं. पण 1897 च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी परवड झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. पुण्याचे पुढारी आणि रमाबाई तेव्हा एकाच बाजूला उभे होते. ज्या देवापुढे आपण जाब देणार आहोत तो गव्हर्नरापेक्षा मोठा आहे, हे मानणारी बाई अशीच वागते.

आता आपल्याविषयी. आपण संख्येने थोडे, म्हणून भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस फक्त स्वतःपुरतं मागतो. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत ही भूमिका त्यांनी पुढे होऊन मांडली. तो निर्णय बरोबर होता का, यावर वाद घाल, जरूर घाल. पण त्यातला भरवसा बघ. आणि कलम 25 उघड. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य तिथे सर्व व्यक्तींना दिलंय. म्हणून शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या प्रार्थनेवर कुणी हरकत घेतली, किंवा देव न मानणाऱ्या मुलाला कुणी धमकावलं, तर तिथे आपल्या मंडळीचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाबेलात बंदिवान असलेल्यांना बायबलमधला संदेष्टा यिर्मया लिहितो की त्या नगराचं कल्याण चिंता. शत्रूचं नगर होतं ते.

एक गोष्ट मात्र आधी घरात करायची आहे. अनुसूचित जातींत कोण मोडतं ते ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदू होते. 1956 मध्ये बाकीचे शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. हा अन्याय आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गाव जात विसरत नाही. पण आपण तरी कुठे विसरलो? स्थळ बघायला गेलं की आधी ‘मंडळी कोणती’ विचारतात, चहा येतो, पोहे येतात, आणि मग मुलीची मावशी आवाज खाली आणून विचारते, ‘पण मूळचे कोण तुम्ही?’ त्याच घरात रविवारी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं मनापासून म्हटली जातात. कोर्टात आपण सांगतो की जात आमच्या पाठीला चिकटलेली आहे, आणि दिवाणखान्यात आपणच ती चिकटवतो. याबद्दल बोलशील तेव्हा तुझ्यावर रागावणारे आपलेच लोक असतील. त्यांच्याशी उद्धटपणे बोलू नकोस, पण शब्द गिळूही नकोस.

पक्षात जायचं की नाही, ते शिक्षण संपल्यावर ठरव. त्याची घाई नाही.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा तरुण संघात 1950 च्या आदेशाचा धर्माची अट घालणारा तिसरा परिच्छेद वाचून दाखव, सोप्या मराठीत समजावून सांग, आणि मग मावशीचा तो प्रश्न सगळ्यांपुढे ठेव. पाळकसाहेबांशी मी बोलून ठेवतो. बायबलातल्या आमोसचा पाचवा अध्याय तेवढा आधी वाचून ये.

आईबाबांना सलाम सांग.

तुझा,
काका