सेमिनरीत बायबलचा चिकित्सक अभ्यास केल्यावर श्रद्धा टिकते का, आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने सामाजिक प्रश्नांवर बोलावे का?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत आणि माझ्यापुरते सांगायचे तर त्या दोन्हींचे उत्तर मला बायबलातील आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात मिळाले. मी पुण्यातील एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात, तिसऱ्या वर्षाला शिकतो. माझे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आमच्या घराण्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारून चार पिढ्या झाल्या. त्याआधी आम्ही महार होतो. उत्तर समजण्यासाठी हे ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून आधीच सांगतो.

हिब्रू शिकायला लागलो तेव्हा आईला काळजी वाटत होती की, वचनाची अशी चिरफाड करता करता मुलाची प्रार्थना सुटेल. तसे झाले नाही. ‘न्याय पाण्यासारखा वाहो आणि नीतिमत्त्व अखंड प्रवाहासारखे वाहो’ या आशयाचे वचन (आमोस ५:२४) मी संडे स्कूलपासून पाठ म्हणत आलो आहे. मूळ हिब्रूत तेथे ‘नाहल एतान’ असे शब्द आहेत. ‘नाहल’ म्हणजे ओढा. त्या कोरड्या प्रदेशातले बहुतेक ओढे पावसाळ्यात दुथडी भरतात आणि नंतर नुसते दगडगोटे उरतात. ‘एतान’ म्हणजे कधीही न आटणारा. आमच्या गावच्या ओढ्याला दिवाळीनंतर फारसे पाणी राहत नाही, त्यामुळे देव येथे काय मागतो आहे हे समजायला मला टीकाग्रंथ उघडावा लागला नाही. त्याच्या लगेच आधी देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. उपासनेत गाणी बसवणाऱ्या माझ्यासारख्याला ही वचने वाचताना भय वाटले, आणि ते भय श्रद्धेतूनच आले होते. पंडिता रमाबाई यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, प्रसिद्ध झाले. मूळ भाषेशी इतकी वर्षे झुंजूनही ज्यांची श्रद्धा ढळली नाही, त्यांचे उदाहरण महाराष्ट्रातच असताना अभ्यासाला घाबरण्याचे मला कारण दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न. आमोस हा दक्षिणेकडील यहूदा राज्यातल्या तकोवाचा मेंढपाळ. तो उत्तरेकडील इस्राएल राज्यात, बेथेल येथे जाऊन बोलला. तेथील याजक अमस्या याने त्याला सांगितले की यहूदात जा आणि तेथे संदेश दे, हे राजाचे पवित्रस्थान आहे. ‘व्यासपीठावरून राजकारण नको’ असे आज कोणी म्हटले की मला अमस्या आठवतो. तरीही या पुस्तकात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिल्या दोन अध्यायांची रचना. आमोस आधी दिमिष्काचे, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब या शेजारच्या राष्ट्रांचे अपराध सांगतो. ऐकणारे इस्राएल लोक माना डोलावत असणार. मग तो यहूदावर येतो आणि शेवटी खुद्द इस्राएलावर, आणि तेथे मात्र तो सर्वांत जास्त वेळ थांबतो.

आमच्या समाजाच्या एका सार्वजनिक प्रश्नाकडे मी याच क्रमाने पाहायला शिकलो. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. 1956 मध्ये त्यात शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 च्या अहवालात हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. ही मागणी न्याय्य आहे असे माझे ठाम मत आहे आणि ते मी उघडपणे मांडतो.

परंतु 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सूसाई खटल्यात जे म्हटले, ते प्रत्येक पाळकाने वाचायला हवे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चांभारकाम करणाऱ्या एका ख्रिस्ती आदिद्रविड (तमिळनाडूतील एक दलित जात) माणसाने, हिंदू चांभारांना मिळालेली सरकारी टपरी आपल्याला का नाही, असे विचारले होते. न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतर जात टिकली एवढे दाखवून पुरत नाही; नव्या धर्मसमाजातही त्या जातीमुळे तसेच तीव्र हाल सोसावे लागतात, हे सिद्ध व्हायला हवे. याचा अर्थ असा की सरकारपुढे न्याय मागताना मंडळीला (चर्चला) स्वतःच्या अंगणातली जात कबूल करावी लागते. आम्ही मात्र रविवारी ‘ख्रिस्तात सर्व एक’ हे वचन वाचतो आणि सोमवारी स्थळ आले की ‘मूळचे कोण?’ असे विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात सेवाकार्यासाठी एका खेड्यातील मंडळीत असताना मी आमोसाच्या याच दोन अध्यायांवर संदेश दिला आणि 1950 च्या आदेशाचा उल्लेख केला. लोकांना तो फार आवडला. उपासनेनंतर एक म्हातारी बाई थांबल्या. त्यांचे घराणे मूळचे मांग. त्या म्हणाल्या, “बाळा, सरकारचं सांगितलंस ते बरं केलंस. पण माझ्या नातीला ह्याच मंडळीतल्या पोरानं मागणी घातली होती. त्याच्या बापानं मोडली, आम्ही मांगाचे म्हणून.” ते वडील मूळचे महार होते, म्हणजे आमच्यातले. मी संदेशात शेजारच्या राष्ट्रांपर्यंतच पोचलो होतो. मी विचारले, नात कुठे आहे, मला तिला भेटायचे आहे. बाई म्हणाल्या, “ती येत नाही आता देवळात.”