जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न खरंच चढत जातो का?

तुमच्या अकरावीतल्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. आगगाडी जवळ येते तसतसा हॉर्नचा स्वर चढत जातो, मग डॉप्लरच्या सूत्रात (आवाज करणारी वस्तू हलत असताना ऐकू येणारा स्वर काढायच्या सूत्रात) अंतर कुठेच का नाही, असं ती विचारते. सूत्र बरोबर आहे. स्वर 'चढत जातो' हे मात्र खरं नाही. मी शिकवत होतो तेव्हा वर्गातली हुशार मुलंही इथेच अडायची.

आकडे घेऊनच बघा. गाडी ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने येतेय. हॉर्न ४०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनांचा, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर. आवाज म्हणजे हवेतून एकामागोमाग जाणारी संपीडनं, हवेचे दाबले गेलेले थर. गाडी उभी असती तर लागोपाठच्या दोन संपीडनांतलं अंतर, म्हणजे तरंगलांबी, ८५ सेंटीमीटर. पण एक संपीडन निघून दुसरं निघेपर्यंत, म्हणजे १/४०० सेकंदात, इंजिन साडेसात सेंटीमीटर पुढे आलेलं असतं. त्यामुळे दोन संपीडनांत अंतर उरतं साडेसत्त्याहत्तर सेंटीमीटर. ३४० ला ०.७७५ ने भागलं की साधारण ४३९ हर्ट्झ. गाडी ८०० मीटरवर असो की १०० मीटरवर, ते साडेसात सेंटीमीटर तेवढेच राहतात, म्हणून स्वरही तोच राहतो. हे चित्र तिला वहीत स्वतः काढू द्या, तुम्ही काढून देऊ नका.

मग वाढतं काय? तीव्रता. अंतर ८०० मीटरवरून १०० वर आलं, म्हणजे आठवा भाग झालं, की मोकळ्या जागेत तीव्रता आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ पट होते. तीव्रता दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. ६४ पट म्हणजे सहा वेळा दुप्पट, म्हणून १८ डेसिबल. (दोन हॉर्न ८०-८० डेसिबलचे असतील तर मिळून ८३ होतात, १६० नाही, तेही याचमुळे.) आवाज असा मोठा होत गेला की कानाला स्वरच चढल्यासारखा वाटतो. गोंधळ होतो तो इथे.

स्वर खरा बदलतो गाडी समोरून जाताना, आणि तेव्हा तो उतरतो. तुम्ही रुळांपासून १० मीटरवर उभे आहात असं धरा. इंजिन समोर येण्याच्या एक सेकंद आधी निघालेला आवाज ४३७ हर्ट्झचा ऐकू येईल, अगदी समोर असताना निघालेला ४०० चा आणि एक सेकंदानंतरचा ३६९ चा. मुलगी गाणं शिकत असेल तर लगेच ओळखेल: कोमल गंधारावरून षड्जापर्यंतची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, आहे ही.

डॉप्लरने ही कल्पना १८४२ मध्ये मांडली. १८४५ मध्ये हॉलंडात बायस बॅलट यांनी ती तपासली तेव्हा वारंवारता मोजणारं यंत्र हाताशी नव्हतं. त्यांनी आगगाडीत तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी स्वरांची जाण असलेले संगीतकार ऐकायला उभे केले. मला हा प्रयोग अजूनही फार सुंदर वाटतो. आज मोबाइलवरचं ट्यूनर ॲप पुरेल. न थांबणारी जलद गाडी सलग हॉर्न देत जाते असं स्टेशन निवडा, पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे उभे राहा आणि आकडा बघत राहा.

परीक्षेत अधिक-उणे चिन्हांची भीती वाटली तर तिने तेच साडेसात सेंटीमीटर आठवावेत. गाडी दूर जाताना ते ८५ मध्ये मिळवायचे: साडेब्याण्णव. ३४० भागिले ०.९२५, म्हणजे सुमारे ३६८ हर्ट्झ.