ई-रीडर घ्यायचाय, पण हप्त्यावर घ्यावा का?

अंबाजोगाईहून एका सरांनी विचारलंय. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, रात्री मोबाईलवर वाचून डोळे चुरचुरायला लागलेत म्हणून ई-रीडर (पुस्तकं वाचायचं मशीन, कागदासारखी स्क्रीन असलेलं) बघायलेत. नवा 17 हजारांचा, सहा महिने नो कॉस्ट ईएमआय (म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते), की ओळखीतल्याकडचा जुना 6 हजारांत, ज्याच्या स्क्रीनला खाली सावल्या दिसतात?

सर, आधी सावल्यांचं बघू. या स्क्रीनला मागून लाईट नसतो, कडेला बारके एलईडी असतात आणि वरचा पारदर्शक थर तो उजेड पानभर पसरवतो, तिथं जरा गडबड झाली की कडेला टॉर्च मारल्यासारखे पट्टे, नाहीतर अर्धं पान पिवळं अर्धं निळसर. 2012 च्या पहिल्या किंडल पेपरव्हाइटमध्ये (अ‍ॅमेझॉनचाच ई-रीडर) चारच एलईडी होते, खाली उजेड एकसारखा नाही हे अ‍ॅमेझॉननं स्वतःच कबूल केलं होतं. आता एलईडी वाढलेत, तरी नगानगात फरक निघतोच. माझ्या मशीनला मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका निघाला, दिवसा काही नाही, रात्री लाईट गेली (आपल्याकडं जातीच) की नजर तिथंच. मी लक्ष देईपर्यंत बदलून द्यायची मुदत संपली होती.

म्हणजे नव्याला वरचे 11 हजार मोजताय, त्यातले बरेचसे नग खराब निघाला तर परत करता यावा म्हणून. जुन्याचा दोष तर पैसे द्यायच्या आधीच समोर आहे.

ईएमआय मात्र नकोच. मानधन तीन-तीन महिने अडकतं हे तुम्हीच लिहिलंय, उन्हाळ्यात तर तासच नसतात, हप्ता बाऊन्स झाला की बँक वेगळं कापणार अन् फायनान्सवाला वेगळं. नो कॉस्ट म्हणतात, पण प्रोसेसिंग फी अन् तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी, क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचाही जीएसटी, बहुतेक आपल्याच खिशातून जातो. खात्यात 40 हजार आहेत म्हणता, त्यांना हात लावू नका, ते दवाखान्याचे.

मी असतो तर जुना एक रात्र मागून आणला असता, खोलीत अंधार करून कोरं पान उघडून लाईट कमी-जास्त करून बघितला असता. सावली अक्षरांवर येत नसेल तर 4 हजार सांगा, ऐकला तर घेऊन टाका. मधे डाग असेल तर सोडा, तो थर स्क्रीनलाच चिकटवलेला असतो, दुरुस्ती म्हणजे अख्खी स्क्रीन. मग थकलेलं मानधन जमा झालं की रोखीनं नवा, आणि हीच तपासणी पहिल्याच रात्री.

अन् हो, सेट-नेटच्या पीडीएफ नोट्स वाचायच्यात का? सहा इंची स्क्रीनवर अक्षरांच्या मुंग्या दिसतात, तसं असेल तर दोन्ही राहू द्या.